ताफ्याचा हिशेब : मुंबईच्या विमान कंपन्या आणि त्यांची विमाने

मुंबईत विमाने उतरली ती जुहूला आणि पुढे सांताक्रूझ-सहारला. परंतु ती कोणत्या बनावटीची असावीत, किती असावीत आणि कोणाकडून घ्यावीत, हे निर्णय दीर्घकाळ शहराच्या दक्षिण आणि मध्य भागात घेतले गेले. फोर्टमधील बॉम्बे हाऊस, बॅलार्ड इस्टेटमधील जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या, नरीमन पॉइंटवरची एअर-इंडियाची इमारत आणि अलीकडच्या काळात वरळी-प्रभादेवीच्या गिरणीपट्ट्यातील वाडिया इंटरनॅशनल सेंटर, अशी या निर्णयांची ठिकाणे सांगता येतात. विमानवाहतुकीचा इतिहास लिहिताना वैमानिकांच्या धाडसावर जितका भर दिला जातो, तितका या कचेऱ्यांमध्ये झालेल्या निवडींवर दिला जात नाही. वास्तविक कोणती कंपनी टिकली आणि कोणती बुडाली, याचे बरेचसे उत्तर त्या निवडींत सापडते.

एखाद्या कंपनीच्या सर्व विमानांच्या समूहाला ताफा म्हणतात, आणि एकाच मूळ आराखड्यावरून बनलेल्या विमानांना एका प्रकारची विमाने मानले जाते. मोठ्या विमानांच्या बाबतीत वैमानिकाची पात्रता प्रकारावर अवलंबून असते. एक प्रकार चालविणाऱ्याला दुसऱ्या प्रकारासाठी वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी परवानगी लागते. दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याचा परवाना, सुट्या भागांचा साठा आणि हँगरमधील अवजारे यांनाही हाच नियम लागू पडतो. परळ-लालबागच्या एखाद्या कापडगिरणीने साचेखात्यात एकाच कारखान्याचे माग बसविले, की फिटरला एकच यंत्र शिकावे लागे आणि भांडारात कमी जिन्नस ठेवून भागे. ताफा एकजिनसी ठेवण्यामागचा हिशेब याहून फारसा वेगळा नाही. मात्र त्या एका प्रकारातच दोष निघाला, तर सगळा कारभार एकदम ठप्प होतो. मुंबईच्या विमान कंपन्यांचा सुमारे नव्वद वर्षांचा इतिहास या दोन टोकांच्या मध्ये घडला आहे.

आरंभीच्या काळात निवडीला फारसा वाव नव्हता. इम्पीरियल एअरवेजची लंडनहून येणारी विमानसेवा १९२९ साली कराचीपर्यंत पोहोचली, आणि त्यामुळे विलायतेचे टपाल बोटीने बॅलार्ड पिअरला उतरवून घेणारे मुंबई शहर हवाई टपालाच्या बाबतीत कराचीच्या मागे पडले. ही उणीव भरून काढण्यासाठी नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाने मांडलेली योजना टाटा सन्सने स्वीकारली, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले. तेथून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासची वाट व्हिन्सेंटने धरली. या कामासाठी निवडलेले द हॅविलँड कंपनीचे ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे विमान पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि वर ताणलेले कापड अशा बांधणीचे होते, आणि त्यात वैमानिकाखेरीज फार तर दोन माणसे बसू शकत. सरकारने या सेवेला अनुदान दिले नव्हते, तर नेलेल्या टपालाच्या प्रमाणात मोबदला ठरला होता. वजनावर पैसे मिळत असताना आणि पहिल्या खेपेचे टपाल २५ किलोच्या आसपास असताना मोठे विमान घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार झाला असता. अशी दोन विमाने घेऊन सुरू झालेल्या कंपनीने १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात १५५ प्रवासी आणि सुमारे साडेदहा टन टपाल नेले. टपाल हा धंदा होता आणि प्रवासी ही जोडकमाई होती, हे या आकड्यांवरून उघड होते.

निवडीवर दुसरे बंधन जमिनीचे होते. जुहूचा विमानतळ समुद्राच्या पातळीला लागून असल्यामुळे पावसाळ्यात तो चिखलात बुडे, आणि त्या महिन्यांत टाटांना आपला कारभार पुण्याला, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवावा लागे. जड चाकांचे मोठे यंत्र अशा जमिनीवर चालविणे अशक्य होते. हलके विमान मात्र गवताळ मैदानावरूनही उडत असे. म्हणून पुढील काही वर्षांत ताफ्यात आलेली विमानेही लहानच राहिली. ‘लेपर्ड मॉथ’, त्रिवेंद्रमच्या मार्गावरचे ‘माइल्स मर्लिन’ आणि १९३७ साली इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेरमार्गे दिल्लीची सेवा सुरू झाली तेव्हाचे अमेरिकी ‘वॅको’ अशी ती भिन्न भिन्न कारखान्यांची यंत्रे होती, आणि प्रत्येक नव्या मार्गासाठी जे परवडेल व जे मिळेल ते घेण्याचा हा काळ होता. १९३८ साली साम्राज्यातील सर्व पहिल्या दर्जाचे टपाल जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना अमलात आली, टपालाचे वजन एकदम वाढले, आणि तेव्हा कोठे दोन इंजिनांच्या ‘ड्रॅगन रॅपिड’सारख्या विमानांची गरज पटली.

दुसऱ्या महायुद्धाने हा सगळा हिशेब उलटा केला. युद्ध संपले तेव्हा अमेरिकी सैन्याची शेकडो ‘डग्लस डीसी-३’ विमाने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘डाकोटा’, भारतात शिल्लक पडली होती आणि ती नव्या विमानाच्या मानाने अतिशय स्वस्तात विकली गेली. पंचवीसच्या आसपास प्रवासी नेणारे, कच्च्या धावपट्टीवर उतरणारे आणि सुटे भाग मुबलक असलेले हे विमान हाती आल्यावर विमान कंपनी काढणे भांडवलवाल्यांना सोपे वाटू लागले, आणि परवान्यांसाठी रांग लागली. टाटांच्या विमान विभागाचे २९ जुलै १९४६ रोजी ‘एअर-इंडिया लिमिटेड’ या सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले. बॅलार्ड इस्टेटच्या सिंदिया जहाज कंपनीच्या हाती असलेली ‘एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया’ काठेवाडकडे विमाने चालवीत होती. आणि इतर शहरांतूनही अशाच कंपन्या उभ्या राहिल्या. साऱ्यांजवळ एकच प्रकारचे विमान आणि साऱ्यांचे डोळे त्याच मोजक्या प्रवाशांवर, अशी ती अवस्था होती. विमान स्वस्त असले तरी इंधन, पगार आणि रिकाम्या खुर्च्या स्वस्त नसतात, ही गोष्ट या कंपन्यांच्या ताळेबंदांनी लवकरच दाखवून दिली. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० साली या धंद्याची बारकाईने तपासणी केली आणि गरजेपेक्षा जास्त कंपन्या हे त्याचे मुख्य दुखणे असल्याचे सांगून विलीनीकरणाचा मार्ग सुचविला. या समितीचे नाव मराठी वाचकाला आज आठवत नाही, ही खेदाची गोष्ट आहे, कारण भारतीय विमानवाहतुकीचे आर्थिक निदान इतक्या नेमकेपणाने तिच्या आधी कोणी केले नव्हते.

डाकोटाच्या काळातील एक व्यवस्था मात्र खरोखर मोलाची होती, आणि तिचे केंद्र महाराष्ट्रात होते. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. बोरीबंदरजवळच्या मोठ्या टपालकचेरीत, म्हणजे जीपीओत, संध्याकाळी पडलेले पत्र त्यामुळे दुसऱ्या दिवशी मद्रासला मिळू शकत होते. दिवसा प्रवासी नेणारे विमान रात्री टपालाला जुंपता आले, कारण डाकोटाच्या बाबतीत खुर्च्या काढून थैले भरणे हे फार थोड्या वेळाचे काम होते. पुढे जेट विमानांना ही लवचीकता राहिली नाही.

परदेशी मार्गांची गरज वेगळी होती, आणि तेथे निवड काळजीपूर्वक झाली. ८ मार्च १९४८ रोजी स्थापन झालेल्या एअर-इंडिया इंटरनॅशनलमध्ये केंद्र सरकारचा ४९ टक्के वाटा होता, आणि त्या कंपनीने अमेरिकी लॉकहीड कारखान्याची ‘कॉन्स्टेलेशन’ ही चार इंजिनांची विमाने घेतली. या विमानाच्या दालनातील हवेचा दाब कृत्रिमरीत्या राखलेला असे. त्यामुळे ते ढगांच्या वर, शांत हवेत उडू शके आणि प्रवाशांना श्वासाचा त्रास होत नसे. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो आणि जिनिव्हामार्गे मुंबईहून लंडनला गेले. या विमानांना प्रदेशांच्या राजकन्यांची नावे देण्याची पद्धत होती, आणि तिला अनुसरून एका विमानाचे नाव ‘मराठा प्रिन्सेस’ असे ठेवले गेले. १९५४ नंतर आलेल्या अधिक लांबीच्या ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ विमानांपैकी एकाला झाशीच्या राणीचे नाव मिळाले.

याच विमानांशी मराठी माणसांच्या आठवणी सर्वांत घट्ट बांधल्या आहेत, आणि त्यातील सर्वांत दुःखद आठवण ‘काश्मीर प्रिन्सेस’ची आहे. बांडुंग परिषदेसाठी चिनी प्रतिनिधी व पत्रकार यांना हाँगकाँगहून जाकार्ताला नेणाऱ्या या विमानात ११ एप्रिल १९५५ रोजी घातपाताच्या बॉम्बचा स्फोट झाला आणि ते समुद्रात कोसळले. कॅप्टन दा. का. जठार यांनी जळते विमान पाण्यापर्यंत आणण्याची शिकस्त केली. १९ जणांपैकी १६ मरण पावले, जठार त्यांत होते, आणि त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. बचावलेल्या तिघांपैकी अनंत कर्णिक हे देखभाल अभियंते होते, आणि त्यांनी पुढे या घटनेवर पुस्तक लिहिले. विमान कोणत्या प्रकारचे होते हा प्रश्न येथे गौण ठरतो. पण त्या विमानाची देखभाल करणाऱ्या अभियंत्यानेच त्याच्या शेवटाची हकीकत लिहावी, हे या इतिहासात दुसरीकडे आढळत नाही.

१ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण अमलात आले, परदेशी मार्ग एअर-इंडियाकडे राहिले आणि देशांतर्गत सेवेच्या आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ झाले. या दोन भावंडांचे ताफे दोन निरनिराळ्या दिशांना गेले. इंडियन एअरलाइन्सला वारशाने ९९ विमाने मिळाली. त्यांत ७४ डाकोटा, १२ ‘व्हायकिंग’, तीन ‘डीसी-४’ आणि उरलेली किरकोळ प्रकारांची होती. पुढे या खिचडीत ‘व्हायकाउंट’, ‘फोकर फ्रेंडशिप’, फ्रेंच ‘कॅराव्हेल’, कानपूरला बांधलेले ‘ॲव्हरो ७४८’, सत्तरच्या दशकात ‘बोइंग ७३७’ आणि ‘एअरबस ए-३००’ अशी भर पडत गेली. देशभरच्या लहानमोठ्या धावपट्ट्यांवर उतरायचे असल्यामुळे इतके प्रकार बाळगणे काही अंशी अपरिहार्य होते. परंतु प्रत्येक प्रकारासाठी वेगळे अभियंते आणि वेगळे भांडार सांभाळण्याचा भार महामंडळाने दीर्घकाळ वाहिला.

एअर-इंडियाने याच्या अगदी उलट मार्ग निवडला. १९६० च्या फेब्रुवारीत पहिले ‘बोइंग ७०७’ मुंबईत आले, त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते लंडनच्या आणि मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मार्गावर गेले, आणि १९६२ च्या जूनपर्यंत कंपनीने पंख्याची सर्व विमाने सेवेतून काढून केवळ जेट विमानांचा ताफा ठेवला. असे करणारी जगातील पहिली कंपनी म्हणून तिचा उल्लेख केला जातो. सुरुवातीच्या ७०७ विमानांना रोल्स-रॉइसची ‘कॉनवे’ इंजिने होती. ब्रिटनच्या बीओएसीनेही तीच इंजिने घेतली असल्यामुळे, एकमेकांशी भागीदारीचा करार असलेल्या या दोन कंपन्यांना वाटेतल्या विमानतळांवर दुरुस्तीची सोय सामायिक करता येत असे. हा एकजिनसी ताफा एअर-इंडियाच्या कीर्तीचा खरा पाया होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. वेळेवर सुटणारे विमान हे चांगल्या जाहिरातीपेक्षा चांगल्या भांडारातून येते. हिमालयातील शिखरांची नावे धारण केलेल्या या विमानांपैकी ‘कांचनजंगा’ २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवर आदळले, त्यात ११७ जण गेले, आणि मुंबईने डॉ. होमी भाभा गमावले. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ही याच पर्वतावर नष्ट झाले होते.

याच काळातील उत्साहात कंपनीने स्वनातीत वेगाच्या ‘कॉंकॉर्ड’ विमानांसाठीही दोन जागा राखून ठेवल्या होत्या. पुढे तो बेत सोडून देण्यात आला, आणि इंधनाच्या वाढलेल्या किमती पाहता तो सोडला हेच योग्य झाले.

सहाशे किलोमीटरच्या आणि सहा हजार किलोमीटरच्या अंतराला एकच विमान सारखेच किफायतशीर ठरत नाही, आणि १९७१ नंतर या अडचणीला एअर-इंडियालाही तोंड द्यावे लागले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले ‘बोइंग ७४७’, म्हणजे जंबो जेट, सांताक्रूझला आले. खुर्च्या साडेतीनशेच्या आसपास, आणि त्या भरायच्या तर लंडन-न्यूयॉर्कचा ओघच हवा. १९७४ साली नरीमन पॉइंटवर कंपनीची २३ मजली इमारत उभी राहिली, तेव्हा तिच्या समोरचा प्रवासी मात्र बदलू लागला होता. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान, धोबीतलावच्या जेर महालसारख्या इमारतींतील गोवेकरांच्या ‘कुडां’त म्हणजे गावकीच्या वसतिगृहांत मुक्काम करणारे खलाशी आणि स्वयंपाकी, मध्य मुंबईतील कारागीर असे हजारो लोक आखाती देशांकडे निघाले. या दोन-तीन तासांच्या मार्गाला जंबो अवाढव्य आणि ७०७ जुने व इंधनखाऊ पडत होते. १९८२ साली आलेले ‘एअरबस ए-३००’ आणि १९८६ चे ‘ए-३१०’ ही त्याच गरजेतून झालेली खरेदी होती. ज्या १९८२ साली गिरणगावात १८ जानेवारीला संप सुरू झाला, त्याच वर्षी आखातासाठी उपयुक्त अशी विमाने एअर-इंडियाच्या ताफ्यात आली. एका उद्योगाची दारे बंद होत असताना दुसऱ्या दिशेचे तिकीट काढणाऱ्यांची संख्या वाढत होती. १९८८ साली आलेल्या, अर्धा भाग मालासाठी राखता येणाऱ्या ७४७ विमानाला ‘शिवाजी’ हे नाव मिळाले. ‘एम्परर अशोक’ मात्र १ जानेवारी १९७८ च्या रात्री उड्डाणानंतर लगेच वांद्र्याच्या समुद्रात कोसळले होते, आणि त्यातील २१३ पैकी कोणीही वाचले नव्हते.

अनेक प्रकार बाळगण्याचा फायदा १९९० साली इंडियन एअरलाइन्सला कळला. संगणकावर चालणाऱ्या नव्या ‘ए-३२०’ विमानांपैकी एक, मुंबईहून निघालेले, १४ फेब्रुवारीला बंगळूरमध्ये उतरताना कोसळले आणि ९२ जण मृत्यू पावले. त्यानंतर सरकारने या प्रकारची सर्व विमाने काही महिने जमिनीवर ठेवली. जुनी ७३७ आणि ए-३०० हाताशी होती म्हणूनच महामंडळाची सेवा पूर्ण बंद पडली नाही. ज्या खिचडीला अव्यवस्था म्हणून नावे ठेवली जात होती, तिनेच त्या वर्षी वेळ निभावून नेली.

खाजगी कंपन्यांना पुन्हा परवानगी मिळाली तेव्हा हा धडा जवळपास सर्वांनी बाजूला ठेवला. ५ मे १९९३ रोजी जेट एअरवेजने भाड्याच्या चार ‘बोइंग ७३७’ विमानांनिशी मुंबई-अहमदाबाद मार्गावर सुरुवात केली, आणि एकाच प्रकाराच्या बळावर तिने पहिल्या काही वर्षांत वक्तशीरपणाचा लौकिक मिळविला. पुढे लहान शहरांसाठी ‘एटीआर’ आणि परदेशासाठी ‘बोइंग ७७७’ व ‘एअरबस ए-३३०’ घेतल्यावर खर्चाचे ओझे वाढत गेले, आणि १७ एप्रिल २०१९ रोजी तिचे शेवटचे उड्डाण झाले. वाडिया समूहाची गोएअर ही २००५ साली निघालेली कंपनी मात्र एकाच ‘ए-३२०’ प्रकाराला धरून राहिली. तिची कचेरी पांडुरंग बुधकर मार्गावर, बॉम्बे डाइंगच्या गिरणीच्या परिसरात होती. १८७९ पासून सूत, कापड आणि रंगाई करणाऱ्या घराण्याने विमानांचा धंदा त्याच जमिनीवरून चालवावा, हे गिरणगावाच्या रूपांतराचे एक ठळक उदाहरण आहे. तिच्या नव्या विमानांना प्रॅट अँड व्हिटनीची दातेरी चक्रांची पेटी असलेली इंजिने होती. त्या पेटीमुळे पुढचा पंखा मागच्या चक्रापेक्षा संथ फिरतो आणि इंधन वाचते. विमान एकाच प्रकारचे आणि इंजिनही एकाच कारखान्याचे, असा हा हिशेब होता. इंजिने वारंवार नादुरुस्त होऊ लागली, बदली इंजिने वेळेत मिळेनात, ताफ्यातील जवळपास निम्मी विमाने उभी राहिली, आणि तोवर ‘गो फर्स्ट’ असे नाव घेतलेल्या या कंपनीने २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. व्यवस्थापनाने सर्व दोष इंजिनांवर टाकला. कर्जाचा भारही लहान नव्हता, परंतु निम्मा ताफा उभा असताना कोणत्याही कर्जाची परतफेड अशक्यच होती.

एअर-इंडियाची वाट दरम्यान आणखी गुंतागुंतीची झाली. २००७ साली ती आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, तेव्हा एकीकडे प्रामुख्याने बोइंग आणि दुसरीकडे एअरबस असे दोन निरनिराळे ताफे, त्यांचे दोन अभियंतावर्ग आणि दोन पगारश्रेणी एका छताखाली आल्या. २०१३ साली मुख्य कचेरी दिल्लीला गेली, २७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी टाटांकडे परतली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने दोन्ही कारखानदारांकडे मिळून ४७० विमानांची मागणी नोंदविली. त्यांतील २५० एअरबसची आणि २२० बोइंगची आहेत. एवढ्या मोठ्या कंपनीने एकाच कारखान्यावर विसंबायचे नाही, असा हा निर्णय आहे, आणि गेल्या तीन दशकांचा अनुभव पाहता तो शहाणपणाचा वाटतो.

मुंबईत कचेरी असलेली नवी कंपनी मात्र पुन्हा एकाच प्रकाराकडे वळली आहे. अकासा एअरने ७ ऑगस्ट २०२२ रोजी ‘बोइंग ७३७ मॅक्स’ने मुंबई-अहमदाबाद मार्गावर पहिले उड्डाण केले, आणि जानेवारी २०२४ पर्यंत तिची एकूण मागणी २२६ विमानांवर गेली, ती सर्व याच प्रकारची आहेत. बोइंगच्या कारखान्यातील उत्पादनावर आलेल्या मर्यादा आणि २०२४ चा कामगारांचा संप यांमुळे विमाने ठरल्या वेळी मिळाली नाहीत, आणि त्यांच्यासाठी आधीच भरती करून या एका प्रकाराचे प्रशिक्षण दिलेल्या वैमानिकांपैकी अनेकांना उड्डाणाविना महिनोन्‌महिने थांबावे लागले.